ज्युरीवर बसणार कोण? सिनेटमधल्या एका दुरुस्तीची गोष्ट

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाला ज्युरीचा हक्क देणारी दुरुस्ती आली, तेव्हा वर्णभेदाचे समर्थक तिच्या बाजूने होते आणि नागरी हक्कवाले विरोधात. ज्युरी तर लोकशाहीतली चांगली गोष्ट. मग हे उलटं कसं? आणि दुरुस्तीपेक्षा नियमांवरच एवढी भांडणं का झाली?"

मी वकील नाही. विधिमंडळाच्या सचिवालयात विधेयकांच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सदस्यांनी दिलेल्या दुरुस्त्या तपासायच्या, त्या नियमात बसतात का यावर टिपणी लिहायची, सभागृहात कुणी हरकतीचा मुद्दा काढला की अध्यक्षांपुढे जुने निर्णय ठेवायचे, हे माझं काम. त्यातून एक सवय लागली. दुरुस्तीचा मजकूर नंतर वाचायचा. आधी बघायचं की ती कोणत्या टप्प्यावर आली आणि मंजूर झाली तर पुढे कुणाच्या हातात पडणार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्या सवयीतच आहे.

मूळ विधेयकाचा गाभा साधा होता. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवू दिलं जात नसे. मतदानात वर्णभेद करायचा नाही, हे १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने सांगितलं होतं. तो हक्क हिरावणाऱ्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला भरण्याची सोयही कायद्यात होती. पण खटला म्हटला की ज्युरी आली, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी, आणि त्या भागात ज्युरी म्हणजे बारा गोरी माणसं. म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकारी, हर्बर्ट ब्राउनेल यांनी वाट बदलली. सरकारने दिवाणी दावा लावायचा, संघीय न्यायाधीशाकडून नोंदणी अधिकाऱ्यावर हुकूम आणायचा, आणि त्याने तो मोडला तर तो न्यायालयाचा अवमान. अवमानात न्यायाधीश एकटा दोषी ठरवून शिक्षा देऊ शकत असे. ज्युरी लागत नसे. म्हणजे ज्युरीला वळसा घालणं हा या विधेयकाचा हेतूच होता. विरोधक जे ओरडत होते त्यात तथ्य होतं, हे आधी कबूल करून टाकू.

पण वळसा का घालावा लागला? दोनच वर्षांपूर्वी, १९५५ च्या सप्टेंबरात, मिसिसिपीतल्या सम्नर गावात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला चालला. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने सुमारे तासाभरात दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. पुढे काही महिन्यांतच त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला सांगितलं की खून आम्हीच केला.

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावं लागू नये. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी माणसं होती, आणि निकाल लागला सहा विरुद्ध तीन. १९०८ साली सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. बाकड्यावरची माणसं मोजली की निकाल आधीच कळत होता. त्याआधी १८८३ मध्ये, हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांवरचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकावरून गोऱ्यांनी जे रान पेटवलं, त्याचा शेवटही ज्युरीवरच झाला. हिंदी न्यायाधीशापुढे उभं राहावं लागलंच तर निदान अर्धी ज्युरी युरोपियन किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क १८८४ च्या कायद्याने त्यांना देऊन टाकला. बोलताना सगळे 'ज्युरीचा हक्क' बोलत होते. मागणी होती आपल्या माणसांच्या ज्युरीची.

अमेरिकेच्या दक्षिणेत याच्या वरची एक पायरी होती. अनेक ठिकाणी ज्युरीसाठी नावं मतदारयादीतून काढत. शिवाय संघीय न्यायालयातल्या ज्युरी सदस्यालाही त्या त्या राज्याच्या कायद्याने ज्युरीवर बसण्याची पात्रता असावी लागे. आता चक्र बघा. काळ्या माणसाचं नाव मतदारयादीत नाही, म्हणून तो ज्युरीवर नाही. तो ज्युरीवर नाही, म्हणून त्याचं नाव अडवणारा अधिकारी सुटतो. तो सुटतो, म्हणून नाव यादीत येत नाही. मत मिळवून देणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी याच ज्युरीच्या हातात देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आता नियमांची भांडणं. ती आधी का झाली, ते कळल्याशिवाय दुरुस्तीचं वजन कळत नाही.

१९५६ साली असंच एक विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटकडे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाकडे, आलं होतं. सिनेटमध्ये ते न्याय समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. तिथे ते मेलं. इलिनॉयचे पॉल डग्लस यांनी ते बाहेर काढायची धडपड केली. त्यासाठी लागणारी तहकुबीची साधी सूचना ७६ विरुद्ध ६ मतांनी पडली. सहा मतं! मला वाटतं पुढच्या वर्षीची सगळी चाल त्या सहा मतांनी शिकवली.

१९५७ च्या १८ जूनला प्रतिनिधीगृहाने नवं विधेयक २८६ विरुद्ध १२६ ने मंजूर केलं. ज्युरीची दुरुस्ती तिथेही आली होती आणि पडली होती. सिनेटमध्ये या वेळी डग्लस आणि रिपब्लिकन नेते विल्यम नोलंड यांनी चौदावा नियम काढला. प्रतिनिधीगृहाकडून आलेल्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनानंतर कुणी पुढच्या कार्यवाहीला हरकत घेतली तर ते समितीकडे न जाता थेट कामकाजाच्या यादीवर जातं, असा तो नियम. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल हे दक्षिणी गटाचे म्होरके आणि नियमांचे पक्के जाणकार. त्यांनी हरकतीचा मुद्दा काढला: समित्यांची कामं वाटून देणारा पंचविसावा नियम नंतरचा आहे, तो म्हणतो की असा विषय न्याय समितीकडेच गेला पाहिजे, तेव्हा जुना नियम नव्यापुढे टिकत नाही.

खरं सांगतो, केवळ तर्क पाहिला तर रसेल यांचा मुद्दा पोकळ नव्हता. दोन नियमांत विसंगती असेल तर नंतरचा चालतो, असं मीही एखाद्या टिपणीत लिहिलं असतं. २० जूनला मतविभागणी झाली आणि मुद्दा ३९ विरुद्ध ४५ ने फेटाळला गेला. रसेल यांच्या बाजूने मत देणाऱ्यांत लिंडन जॉन्सन होते आणि मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर जॉन केनेडीही. ओरेगॉनचे वेन मोर्स तर कट्टर उदारमतवादी, पण विधेयक समितीतून रीतसर यावं म्हणून तेही तिकडे. दुसऱ्याच दिवशी, २१ जूनला, मोर्स आणि त्यांच्या भागातल्या सिनेटरांना हवं असलेलं हेल्स कॅन्यन धरणाचं विधेयक ४५ विरुद्ध ३८ ने पार पडलं. आदल्या वर्षी विरोधात असलेल्या रसेल आणि ईस्टलंड यांच्यासह काही दक्षिणी सिनेटरांनी या वेळी बाजूने मत टाकलं. तारखा शेजारी शेजारी आहेत, बाकी तुम्ही ठरवा.

विधेयक यादीवर आलं तरी चर्चेला घ्यायला १६ जुलै उजाडला. तोवर रसेल यांनी विधेयकाच्या तिसऱ्या भागावर घाव घातला होता. हा भाग मतदानापुरता नव्हता. शाळांसह सगळ्याच नागरी हक्कांसाठी सरकारला दावे लावता येतील असं त्यात होतं. त्यातल्या एका संदर्भकलमातून धागा १८६६ च्या कायद्यापर्यंत जातो आणि न्यायालयाचे हुकूम अमलात आणायला सैन्य वापरता येतं, हे त्यांनी २ जुलैच्या भाषणात उलगडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी खुद्द आयझेनहॉवर पत्रकारांना म्हणाले की विधेयकातली काही वाक्यं आपल्यालाही नीट कळलेली नाहीत. एका संदर्भकलमाने राष्ट्राध्यक्षाला उघडं पाडलं! २४ जुलैला तिसरा भाग ५२ विरुद्ध ३८ ने वगळला. उरला मतदानाचा चौथा भाग, आणि त्यावर ज्युरीची दुरुस्ती.

ही दुरुस्ती दक्षिणेतल्या कुणी मांडली असती तर पडली असती, अशी माझी खात्री आहे. मांडली वायोमिंगच्या जोसेफ ओमाहोनी यांनी. सोबत टेनेसीचे एस्टीस कीफॉव्हर. ओमाहोनी मक्तेदारीविरोधी, कामगारांच्या बाजूचे. आणि त्यांच्या परंपरेत अवमानाच्या खटल्यात ज्युरी मागणं ही खरोखरच पुरोगामी मागणी होती. १८९४ च्या रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात न्यायालयाने मनाई हुकूम काढला, तो मोडला म्हणून कामगार नेते युजीन डेब्झ यांना ज्युरीशिवाय तुरुंगात पाठवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तेव्हापासून 'मनाई हुकूम काढणाऱ्या न्यायाधीशानेच शिक्षाही द्यायची' ही पद्धत कामगार चळवळीच्या डोळ्यांत सलत होती. १९१४ च्या क्लेटन कायद्यात थोडी आणि १९३२ च्या नॉरिस-लागार्डिया कायद्यात जास्त, अशी ज्युरीची सोय त्यांनी मिळवलीही होती. त्यामुळे दुरुस्तीच्या बाजूने बोलणारे सगळे ढोंगी होते असं म्हणणं चुकीचं ठरेल. रसेल यांचं कसब हे की त्यांना स्वतःचा युक्तिवाद दुसऱ्याच्या प्रामाणिक तोंडून वदवता आला.

जॉन्सन तेव्हा सिनेटमधल्या बहुमताचे नेते. कार्ल ऑअरबाख या कायद्याच्या प्राध्यापकाच्या एका लेखातून त्यांना हवा तो दुवा मिळाला: दिवाणी अवमान आणि फौजदारी अवमान यांतला फरक. दिवाणी अवमानात माणसाला आत ठेवायचं ते हुकूम पाळावा म्हणून. "नाव नोंदवतो" म्हणाला की तो बाहेर. तुरुंगाची किल्ली त्याच्याच खिशात, असं वकील म्हणतात. फौजदारी अवमानात शिक्षा झालेल्या गोष्टीची. तिथे "आता पाळतो" म्हणून सुटका नाही. दुरुस्ती फक्त दुसऱ्या प्रकाराला लावली. मग उदारमतवाद्यांना सांगता येई की नाव नोंदवून घेण्याची ताकद न्यायाधीशाकडेच राहते, आणि दक्षिणेला सांगता येई की शिक्षेच्या वेळी ज्युरी मिळते. एकाच मजकुरावर दोन्हीकडे समाधानाने मान हलणं हे मसुदाकाराचं यश असतं. पण यात एक भोक होतं. मतदान एका ठरलेल्या दिवशी होतं. तो दिवस निघून गेल्यावर "आता पाळतो" याला काय अर्थ? निवडणूक उलटली की दिवाणी उपाय संपला, उरला फौजदारी, आणि तिथे ज्युरी.

मग दुरुस्तीलाच दुरुस्त्या. कामगार संघटना वळाव्यात म्हणून तिची व्याप्ती मतदानापुरती न ठेवता संघीय न्यायालयांतल्या फौजदारी अवमानाच्या खटल्यांवर सरसकट पसरवली. आमच्याकडे हे पहिल्या टिपणीतच अडलं असतं. दुरुस्ती विधेयकाच्या व्याप्तीत असावी आणि ज्या खंडाला दिली त्याच्याशी सुसंगत असावी, हा आपल्या सभागृहांचा नियम. मतदानाच्या विधेयकाला मक्तेदारी कायद्याच्या अवमानाची दुरुस्ती कुणी दिली तर अध्यक्षांकडे जाण्याआधीच परत गेली असती. अमेरिकन सिनेटमध्ये, काही ठरावीक प्रसंग सोडले तर, असं बंधनच नाही. त्यामुळे हरकतीला जागा नव्हती, वाद फक्त गुणदोषांवर. रेल्वे कामगारांच्या संघटना आणि खाण कामगारांचे जॉन एल. लुइस दुरुस्तीच्या बाजूने आले.

शेवटची भर आयडाहोचे फ्रँक चर्च यांची, सिनेटमधलं त्यांचं पहिलंच वर्ष. संघीय ज्युरीवर बसण्यासाठी राज्याच्या कायद्याने पात्र असण्याची अट काढून टाकायची. एकवीस वर्षांचा, वाचता-लिहिता येणारा, गुन्ह्यात शिक्षा न झालेला, त्या भागातला नागरिक ज्युरीला पात्र. म्हणजे वर सांगितलेलं चक्र एका जागी तोडायचं. सगळ्या गदारोळात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही भर. तिच्याकडे तेव्हा बहुतेकांनी मतं ओढायचं आमिष म्हणून पाहिलं, आणि ती आमिष होतीही. पण कायद्यात शिरली आणि टिकली. पात्रता मिळाली म्हणजे नाव पेटीत पडलंच असं नाही, तो झगडा पुढे वेगळा चालला.

१ ऑगस्टची मध्यरात्र उलटल्यावर मतविभागणी झाली. ५१ विरुद्ध ४२. बाजूने ३९ डेमोक्रॅट आणि १२ रिपब्लिकन. विरोधात ३३ रिपब्लिकन आणि ९ डेमोक्रॅट. केनेडी बाजूने. उपराष्ट्राध्यक्ष निक्सन बाहेर येऊन म्हणाले की सिनेटच्या इतिहासातला हा अत्यंत दुःखद दिवस, हे मतदानाच्या हक्काविरुद्धचं मतदान आहे. ७ ऑगस्टला विधेयक ७२ विरुद्ध १८ ने मंजूर झालं. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी असलं विधेयक नको म्हणून कळवलं. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे रॉय विल्किन्स यांनी बराच विचार करून जे मिळतंय ते घ्यायचं ठरवलं. दोघांनाही मी चूक म्हणणार नाही.

यानंतरचा टप्पा लोक विसरतात, पण प्रक्रिया पाहणाऱ्याला तोच जास्त शिकवतो. दोन सभागृहांचे मजकूर वेगळे. रीतसर वाट म्हणजे दोन्हींची संयुक्त परिषद. पण परिषद म्हटली की सिनेटमध्ये तिची मागणी, सदस्यांची नेमणूक, तिचा अहवाल, प्रत्येक ठिकाणी वेळकाढूपणाला नवी संधी. म्हणून नेत्यांनी परिषद टाळली. तडजोड बाहेर ठरवली, प्रतिनिधीगृहाने सिनेटच्या दुरुस्तीला आपली दुरुस्ती लावून ती स्वीकारली आणि सिनेटने फक्त होकार द्यायचा, एवढंच उरवलं. यासाठीही प्रतिनिधीगृहात नियम समितीची परवानगी लागत होती, आणि तिचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ. तिथेही दिवस गेलेच.

तडजोड अशी. ज्युरीची तरतूद पुन्हा मतदानाच्या खटल्यांपुरती. फौजदारी अवमानात ज्युरी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवेल. पण ज्युरीशिवाय ३०० डॉलरपेक्षा जास्त दंड किंवा ४५ दिवसांपेक्षा जास्त कैद दिली, तर आरोपीला मागणी करून ज्युरीपुढे नव्याने खटला चालवून घेता येईल. हक्कासारखी गोष्ट ४५ दिवसांवर कशी तोडायची, ४४ ला स्वातंत्र्य लहान आणि ४६ ला मोठं का? तत्त्वाच्या दृष्टीने याला उत्तर नाही. आकडा कधी शास्त्रातून येत नाही; दोन्ही बाजू ज्या आकड्यावर थकतात तो कायद्यात जातो. २७ ऑगस्टला प्रतिनिधीगृहाने २७९ विरुद्ध ९७ ने मान्यता दिली.

आणि २८ ऑगस्टच्या रात्री साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड मतदान लांबवण्यासाठी बोलायला उभे राहिले. २४ तास १८ मिनिटं. त्यांनी राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचले, वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण वाचलं, हे सगळे सांगतात. पण त्यांचा घोषित मुद्दा काय होता? हाच, की ४५ दिवसांची तडजोड घटनेने दिलेल्या ज्युरीच्या हक्काचा भंग करते. रसेल यांनी दक्षिणी गटाला लांबण लावायची नाही असं आधीच ठरवून दिलं होतं; हवं ते मिळालं होतं. त्यामुळे थर्मंड यांच्या या एकांड्या पराक्रमावर त्यांचेच सहकारी चिडले. एकही मत बदललं नाही. ६० विरुद्ध १५ ने विधेयक पार, आणि ९ सप्टेंबरला आयझेनहॉवर यांची सही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकावर हीच लढाई पुन्हा झाली, नियमासकट. पुन्हा चौदावा नियम, पुन्हा रसेल यांची हरकत, आणि पुन्हा ज्युरीची दुरुस्ती. केंटकीच्या थ्रस्टन मॉर्टन यांची दुरुस्ती मे महिन्यात ४५-४५ अशा बरोबरीने पडली आणि ९ जूनला ५१ विरुद्ध ४८ ने मंजूर झाली. कारण दुसऱ्या दिवशी चर्चा बंद करण्याच्या ठरावाला काही मतं हवी होती. ती मिळाली, ७१ विरुद्ध २९. वर्षभराने आलेल्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने वेगळाच मार्ग काढला. जिथे अडवणूक आहे तिथे संघीय अधिकारी जाऊन स्वतःच नावं नोंदवतील. नोंदणीसाठी आता ना हुकूम, ना अवमान, ना ज्युरीची वाट पाहायची.

आणि तरीही, दक्षिणेच्या सिनेटरांनी १९५७ मध्ये मांडलेला कायद्याचा मुद्दा अखेर सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. २० मे १९६८ रोजी ब्लूम विरुद्ध इलिनॉय खटल्यात निकाल आला की गंभीर फौजदारी अवमानात आरोपीला ज्युरीचा घटनात्मक हक्क आहे.

त्याच दिवशी दुसरा एक निकाल लागला, तो लुइझियानाविरुद्ध. या राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी १९५७ मध्ये ज्युरीच्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं होतं. त्यांच्याच राज्यातल्या प्लाकमिन्स भागात गॅरी डंकन या एकोणीस वर्षांच्या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलाच्या हाताला हात लावल्याबद्दल मारहाणीचा खटला झाला. त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दोन वर्षांची. त्याने ज्युरी मागितली. लुइझियानाच्या घटनेत देहदंड किंवा सक्तमजुरीच्या गुन्ह्यांनाच ज्युरी होती, म्हणून न्यायाधीशाने नकार दिला आणि त्याला ६० दिवसांची कैद व १५० डॉलर दंड सुनावला. ज्युरीचा हक्क राज्यांनाही बंधनकारक आहे, हे अमेरिकेत ठरलं ते या डंकनच्या अपिलावर.